क्षमाद्वारापाशी चार दिवस

२०१८ सालच्या मे महिन्याची ३० तारीख. स्पेन देशातील व्हियाफ्रांका देल बिएर्थो नावाच्या लहानशा गावाच्या वेशीपाशी दुपारी एकच्या सुमारास मी एका दगडी पायरीवर बसलो आणि मला पुन्हा उठता येईना. पाठीवर नऊ किलोची पिशवी, हातात काठी, पिशवीला बांधलेला यात्रेकरूंचा शिंपला, असा माझा थाट पूर्ण होता. फक्त उजवा पाय बुटात मावत नव्हता आणि अंग भट्टीसारखे तापले होते. समोर एक जुने, बुटके, दगडी चर्च दिसत होते. ते कुणाचे आहे, हे विचारण्याचेही त्राण उरले नव्हते.

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, शाळेतून निवृत्त झाल्याझाल्या, मी हे काय आरंभले होते, ते आधी सांगायला हवे.

आमच्या घरापासून आगाशीचे संत याकोबाचे चर्च फार दूर नाही. २५ जुलैला त्याचा सण येतो तो ऐन पावसात. लहानपणी बाबा मला त्या सणाला नेत. छत्रीतून अर्धे भिजत, चिखल तुडवीत आम्ही जात असू. आजीच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात याच संताचे एक चित्र होते. खांद्यावर झूल, टोपीला शिंपला, हातात काठी आणि काठीला पाण्याचा भोपळा. हा प्रेषित असा वाटसरूच्या वेशात का, असे मी बाबांना विचारले होते. बाबा म्हणाले होते, “लोक त्याच्या कबरीकडे चालत जातात रे. मग तोही त्यांच्यासारखाच झाला.” हे उत्तर इतिहासाच्या दृष्टीनेही फारसे चुकीचे नाही, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

ती कबर सान्तियागो दे कोम्पोस्तेला या शहरात आहे, अशी नवव्या शतकापासूनची श्रद्धा. तिकडे जाणाऱ्या वाटेस स्पॅनिश लोक नुसते ‘कामिनो’ म्हणजे वाट म्हणतात. वाटा अनेक आहेत. त्यांतली सर्वांत रुळलेली वाट फ्रान्सच्या हद्दीतील सॅं-जाँ-प्ये-द-पोर येथून पिरेनीज पर्वत ओलांडून निघते आणि सुमारे ७८० किलोमीटर चालून सान्तियागोला पोहोचते. वाटेत ठिकठिकाणी ‘आल्बेर्गे’ नावाच्या यात्रेकरूंच्या धर्मशाळा असतात. एकावर एक अशा खाटा, सामायिक न्हाणी, रात्री दहाला दिवे बंद, सकाळी आठच्या आत सर्वांनी बाहेर. यात्रेकरूजवळ एक घडीचे पत्रक असते. त्यावर मुक्कामाच्या गावोगावी शिक्का मारून घ्यायचा. शेवटचे निदान शंभर किलोमीटर पायी चाललात, तर सान्तियागोला लॅटिन भाषेतले प्रमाणपत्र मिळते. २०१८ साली सव्वातीन लाखांवर लोकांनी ते घेतले. त्यांत माझे नाव नाही.

पत्नीचा विरोध होता. तो माझ्या वयाला नव्हता, तर साखरेला होता. २०१३ सालापासून मला मधुमेह आहे. दिवसाला दोन गोळ्या. “पोरं पाठीला पिशवी लावून जग फिरतात म्हणून तुम्हीही जाणार का?” असे तिने एकदाच विचारले आणि मग गप्प राहून माझ्या मोज्यांचे जोड शिवून दिले. तिच्या गप्प राहण्याला मी परवानगी समजलो. व्हिसासाठी प्रवासविमा लागतो. तीस हजार युरोंपर्यंतचा वैद्यकीय खर्च भागवणारा विमा असल्याशिवाय युरोपच्या त्या देशांत प्रवेश नाही. विम्याच्या अर्जावर ‘पूर्वीपासूनचे आजार’ असा एक रकाना होता. मी त्यात ‘नाही’ असे लिहिले. चौतीस वर्षे मुलांना कॉपी करू नका म्हणून सांगणाऱ्या मास्तराने लिहिले, आणि हात कापला नाही.

४ मे रोजी मी चालू लागलो. पहिल्या पंधरा दिवसांविषयी एक स्वतंत्र लेख लिहिता येईल. येथे तो मोह आवरतो. एवढेच सांगतो की मी चांगला चाललो. रोज वीस-बावीस किलोमीटर. रस्त्यात झाडांवर, भिंतींवर, दगडांवर पिवळे बाण रंगवलेले असतात. एलियास व्हालिन्या नावाच्या एका धर्मगुरूंनी १९८० च्या दशकात ही बाण रंगवण्याची मोहीम सुरू केली. ओ सेब्रेइरो नावाच्या डोंगरमाथ्यावरच्या खेड्याचे ते धर्मगुरू होते. त्यांचे ते चर्च पाहायचे, असे मी पहिल्या दिवसापासून मनाशी धरले होते. तेथे एका प्राचीन पवित्र प्याल्याची कथाही आहे. बर्फाच्या वादळातून एकच शेतकरी मिस्साला चढून येतो, शंकेखोर धर्मगुरू मनात त्याला हसतो, आणि वेदीवर भाकरीचे मांस व द्राक्षारसाचे रक्त होते, अशी ती कथा.

बुर्गोस सोडल्यावर मी गोळ्या बंद केल्या. मनात हिशेब असा की, एवढे चालल्यावर साखर राहील कशाला? वजन उतरले होते, पोट आत गेले होते, आरशात मी मलाच तरुण दिसू लागलो होतो. घरी फोनवर पत्नी रोज विचारी, “गोळ्या?” मी म्हणे, “हो.”

लेओनच्या पठारावर दोन दिवस पाऊस लागला. ओल्या मोज्यांनी उजव्या टाचेला फोड आला. २६ तारखेला आस्तोर्गाच्या धर्मशाळेत एका अनुभवी यात्रेकरूने त्यावरचा प्रसिद्ध उपाय शिकवला. सुईत दोरा ओवून ती फोडातून आरपार काढायची आणि दोरा आतच ठेवायचा, म्हणजे पाणी झिरपून जाते. कामिनोवर हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. डॉक्टर मंडळी त्याला हात जोडतात, कारण ज्या वाटेने पाणी बाहेर येते त्याच ओल्या दोऱ्याच्या वाटेने जंतू आत जातात. मला हे ठाऊक नव्हते. मला दुसरीही एक गोष्ट ठाऊक नव्हती. मधुमेहाने पायांच्या मज्जातंतूंची जाणीव बोथट होते. इतर लोक लंगडत होते, तेव्हा मला फारसे दुखत नव्हते. याचा मला गर्व वाटला. धर्मशाळेत मी ते दोघातिघांना सांगितलेदेखील.

२८ तारखेला मी क्रूस दे फेरोपाशी पोहोचलो. सुमारे दीड हजार मीटर उंचीवर एका उंच लाकडी खांबावर छोटासा लोखंडी क्रूस आणि पायथ्याशी दगडांची टेकडी. यात्रेकरू आपापल्या घरून आणलेला दगड तेथे टाकतात. मी दगड आणला नव्हता. मंगलोरी कौलाचा तळहाताएवढा तुकडा आणला होता. बाबांनी बांधलेले आमचे जुने घर २०१५ साली पाडले, तेव्हा ढिगाऱ्यातून मी तो उचलून ठेवला होता. तो तुकडा मी त्या ढिगावर ठेवला, प्रार्थना केली, डोळेही ओले झाले. बाबांचे देणे फेडले असे वाटून मन हलके झाले. खोटे कशाला सांगू, त्या क्षणी मी स्वतःवर फार प्रसन्न होतो.

तेथून मोलिनासेकापर्यंत सुमारे नऊशे मीटरची उतरण आहे. सारी दगडगोट्यांची. टाच त्या दिवशी कामास आली.

दुसऱ्या दिवशी पोन्फेराडा ओलांडून काकाबेलोसला मुक्काम केला. रात्री हुडहुडी भरली. खालच्या खाटेवरचा माणूस म्हणाला की, खाट हलते आहे. पहाटे जांघेत अवधाण आल्याचे जाणवले. टाचेपासून घोट्यापर्यंत कातडी लाल, चकचकीत आणि ताणलेली. पुढचे व्हियाफ्रांका आठच किलोमीटर. द्राक्षमळ्यांतून आणि चेरीच्या बागांतून जाणारी ती सोपी वाट. इतरांना दोन तास लागतात. मला सहा लागले. कुणी विचारले तर हात वर करून हसत होतो. परदेशात माणूस किती सहजपणे हसतो, हे तेव्हा लक्षात आले.

आणि मग ती पायरी.

माझ्यापाशी प्रथम थांबली ती एक कोरियन मुलगी. पंचवीस-सव्वीस वर्षांची असावी. वाटेत दोन-तीनदा ओझरती भेट झाली होती. तिने काही न विचारता खाली बसून माझ्या बुटाची नाडी सोडली, मोजा ओढला, पाहिले आणि ती धावत गेली. ती परतली तेव्हा तिच्याबरोबर धर्मशाळेचा ‘ओस्पितालेरो’ होता. यात्रेकरूंची व्यवस्था पाहणाऱ्याला तेथे हा शब्द आहे. हॉस्पिटल हा आपला नेहमीचा शब्द त्याच कुळातला. मध्ययुगात या वाटेवरची ‘हॉस्पिटले’ म्हणजे यात्रेकरूंना निवारा, पेज आणि गरज पडल्यास मूठमाती देणारी घरे होती. निरोगी आणि आजारी असा भेद तेथे फारसा नव्हता. चालून आलेला प्रत्येक माणूस थोडाफार आजारीच असे. बाराव्या शतकातल्या एका लॅटिन ग्रंथात यात्रेकरूंसाठी वाटेवरच्या नद्यांचे पाणी कुठले प्यावे आणि कुठले विषारी, याची यादीच आहे. एका खाऱ्या नदीकाठी दोन माणसे सुऱ्या परजत बसली होती आणि पाणी पिऊन मेलेल्या घोड्यांची कातडी सोलत होती, असे तो ग्रंथकार सांगतो. या वाटेवर आजारी पडलेला मी काही पहिला नव्हे.

हा ओस्पितालेरो साठी ओलांडलेला, धिप्पाड, टक्कल पडलेला गृहस्थ होता. आयुष्यभर ट्रक चालवून निवृत्त झाला होता आणि दर वर्षी पंधरा दिवस येथे येऊन विनावेतन सेवा करीत होता, हे मला मागाहून कळले. त्याला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. त्याने मला काखेत धरून आत नेले, तळमजल्यावरच्या एका लहान खोलीत निजवले आणि तो ‘बाल्दे’ घेऊन आला. बालदी! तापातही मला हसू आले. मग ‘तोआया’ म्हणजे टुवाल आला. पोर्तुगीजांनी आमच्या वसईला दिलेले हे शब्द, आणि त्यांची सख्खी भावंडे एका डोंगराळ गावात माझ्या खाटेपाशी उभी.

त्याने माझा पाय धुतला. कोमट पाण्यात कापड बुडवून, पिळून, टाचेच्या कडेकडेने, बोटांच्या बेचक्यांतून. त्याचे हात खरखरीत आणि जाड होते. तो मुळीच घाई करीत नव्हता. बाहेर नवे यात्रेकरू येऊन घंटा वाजवीत होते. तो मान न वळवता काहीतरी ओरडून सांगे आणि पुन्हा कापड पिळी. मी त्याला म्हणालो, “देस्पासियो,” म्हणजे सावकाश. मला शिकवणीतून आलेल्या मोजक्या शब्दांपैकी तो एक. वास्तविक तो सावकाशच करीत होता. शब्द माझ्या तोंडून का निघाला, ते मला त्याच क्षणी कळले, आणि मी भिंतीकडे तोंड फिरवले.

बाबांना २००७ साली पक्षाघात झाला. त्यानंतर ते दोन वर्षे अंथरुणावर होते. पत्नी दिवसभर त्यांचे सारे करी. सकाळी अंग पुसण्याचे काम तेवढे माझे. शाळा सातची. मी साडेपाचला उठून त्यांचे अंग पुसत असे. पुसत असे म्हणजे उरकत असे. पाणी कधी गार, कधी जास्त गरम. एक हात वर केला की दुसरा ओढायचा, कूस बदलायची ती एका झटक्यात. त्यांची जीभ जड झाली होती, पण एक शब्द त्यांना स्पष्ट येई. “सावकाश.” कधी “सावकाश रे.” मी म्हणे, “हो बाबा, झालेच.” आणि माझ्या हातांचा वेग तोच राही. एकदा त्यांच्या दंडाला माझ्या घड्याळाचा पट्टा लागून कातडी निघाली. पत्नीने तिथे मलम लावले. त्या वेळी मला राग आला होता तो बाबांच्या कातडीचा. ती इतकी पातळ का, म्हणून.

ते गेले त्याला तेव्हा नऊ वर्षे झाली होती. कौलाचा तुकडा ठेवताना यांतले काहीही मला आठवले नव्हते.

संध्याकाळी त्या गृहस्थाने मला आपल्या गाडीत घालून आरोग्यकेंद्रात नेले. कोरियन मुलगी दुभाषी म्हणून बरोबर आली. म्हणजे तिचा मोबाइल दुभाषी होता. तरुण डॉक्टरबाईंनी विचारले, दुसरा काही आजार? मोबाइलने ते इंग्रजीत सांगितले. मी म्हणालो, “नाही.” मोबाइलने माझे ‘नाही’ स्पॅनिशमध्ये मोठ्याने म्हटले. डॉक्टरबाईंनी माझ्या पायाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता माझ्या बोटाला सुई टोचली. साखर ३१८. ताप १०३ च्या आसपास. त्यांनी यंत्राचा आकडा माझ्याकडे वळवून धरला. रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. ती कोरियन मुलगी खाली जमिनीकडे पाहत होती.

मी मग सारे सांगितले. मधुमेह, गोळ्या, बंद केल्या ते, दोरा. दोऱ्याचे ऐकून डॉक्टरबाईंनी डोक्याला हात लावला. तो हावभाव समजायला मोबाइल लागला नाही. त्यांनी फोड उघडून पू काढला, जंतुनाशक इंजेक्शन दिले, धनुर्वाताचे दिले, आणि निळे पेन घेऊन माझ्या नडगीवर, जेथे लाली संपत होती तेथे, पायाभोवती एक रेघ ओढली. त्वचेखालच्या भागात जंतू पसरतात, तेव्हा डॉक्टर अशी रेघ ओढतात. सकाळपर्यंत लाली रेघेच्या वर गेली, तर पोन्फेराड्याच्या रुग्णालयात जावे लागेल; आणि मधुमेही माणसाच्या पायाबाबत तेथे काय काय होऊ शकते, ते त्यांनी मला स्वच्छ सांगितले. रेघेच्या खाली राहिली, तर गोळ्या आणि विश्रांती. पाय उशीवर. चालणे बंद.

“किती दिवस?” मी विचारले.

“कामिनो तुमच्यासाठी येथे संपला,” असे मोबाइल म्हणाला.

त्या रात्री घरी फोन केला. तिकडे उत्तररात्र होती. मी ठरवले होते की, थोडे थोडे करून सांगायचे. पत्नीने “हॅलो” म्हटले आणि माझ्याने सगळे एकदम बोलले गेले, अर्जावरच्या त्या रकान्यापर्यंत. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, “बोटं काळी पडलीत का?” मी म्हणालो, नाही. “बोटांना हात लावलेला कळतो का?” मी लावून पाहिला. थोडा कळत होता. “मग रडू नका. पाय वर ठेवा.” मी रडत असल्याचे मला तिच्याकडून समजले. मग ती म्हणाली, “पाय कुणी धुतला?” मी सांगितले. ती म्हणाली, “त्यांना माझा नमस्कार सांगा.” बाबांचे नाव तिने काढले नाही. तिला आठवले नसेल असे मला वाटत नाही.

त्या रात्री झोप अशी लागली नाही. दर तासाने मी मोबाइलच्या उजेडात रेघ पाही. निळी रेघ आणि तिच्या खालचा लाल किनारा. एकदा वाटे वर सरकला, एकदा वाटे तेथेच आहे. मी प्रार्थना केली. पण तिच्यात काही सुसूत्रता नव्हती. संत रोखची आठवण झाली. या वाटेवरच्या पुष्कळ चर्चमध्ये त्याचा पुतळा दिसतो. प्लेगच्या साथीत रोग्यांची सेवा करता करता स्वतःच आजारी पडलेला हा यात्रेकरू मांडीवरचा व्रण उघडा करून दाखवीत उभा असतो आणि शेजारी तोंडात पाव धरलेला कुत्रा असतो. आपण संतांचे पुतळे पाहतो ते प्रकाशाच्या, पुष्पांच्या वेढ्यात. हा एकटा आपली जखम दाखवतो. तीनच्या सुमारास दार हळूच उघडले. ओस्पितालेरो विजेरी घेऊन आला होता. त्याने रेघेवर प्रकाश टाकला, वाकून पाहिले, अंगठा वर केला आणि पांघरूण ओढून तो निघून गेला. पाचलाही तो आला.

सकाळी लाली रेघेच्या दोन बोटे खाली होती.

धर्मशाळेचा नियम एका रात्रीचा. आजारी माणसाला त्यातून सूट असते. मी तेथे चार रात्री राहिलो. कोरियन मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी पुढे गेली. जाताना तिने खाटेवर जाड मोज्यांचा एक नवा जोड ठेवला. त्यानंतर तिची-माझी भेट नाही. रोज दुपारी नवे यात्रेकरू येत, हसत, कपडे धूत, जखमा बांधत, आणि सकाळी आठनंतर सारे घर रिकामे. मग फक्त झाडूचा आवाज. धडधाकट माणसांच्या त्या प्रवाहात एकाच ठिकाणी पडून राहणे मोठे विचित्र वाटते. बाबा दोन वर्षे खिडकीतून आमची शाळेची, बाजाराची, चर्चची ये-जा कशी पाहत असतील, याचा अंदाज मला पहिल्यांदा तेथे आला. ओस्पितालेरो रोज पाय धुई, पट्टी बदली. तिसऱ्या दिवशी त्याने आपल्या वाटच्या चेऱ्या एका वाडग्यात आणल्या आणि मधुमेह आठवून अर्ध्या परत उचलून घेतल्या.

शनिवारी संध्याकाळी मी त्याचा खांदा धरून बाहेर आलो. पहिल्या दिवशी पाहिलेले ते बुटके चर्च कुणाचे, हे तेव्हा समजले. ते संत याकोबाचेच. बाराव्या शतकातले. उत्तरेच्या भिंतीत एक कोरीव कमानीचा दरवाजा आहे. खांबांच्या माथ्यांवर तीन राजांची कथा कोरली आहे. त्या दाराला ‘पुएर्ता देल पेर्दोन’ म्हणजे क्षमाद्वार म्हणतात. आजारपणामुळे ज्याला पुढचे डोंगर चढता येणार नाहीत, अशा यात्रेकरूने या दारातून प्रवेश केला, तर त्याला सान्तियागोला पोहोचल्याचीच पूर्ण दंडमुक्ती लाभते, अशी परंपरा आहे. हा हक्क तिसरे कालिक्स्तस या पोपमहोदयांनी दिला असे सांगतात. सान्तियागो तेथून पायी एकशेऐंशी किलोमीटरहून अधिक. म्हणजे शतकानुशतके माझ्यासारखे लोक नेमके येथवर येऊन कोसळत आले असले पाहिजेत. नाहीतर दाराची गरज पडली नसती.

दार बंद होते. ते केवळ पवित्र वर्षात उघडते, म्हणजे २५ जुलैचा सण ज्या वर्षी रविवारी येतो त्या वर्षी. २०१० साली उघडले होते. पुढचे २०२१. मी ओस्पितालेरोला बोटांवर मोजून दाखवले, तीन वर्षे. त्याने खांदे उडवले. मग त्याने मला पायरीवर बसवले आणि तोही शेजारी बसून सिगारेट ओढू लागला. दाराच्या लाकडाला पाठ टेकवून मी बसलो. समोरच्या डोंगरांवर ढग होते. त्यांच्या पलीकडे कुठेतरी ते बाण रंगवणाऱ्या धर्मगुरूंचे गाव. तेथे बसून मी बाबांशी बोललो. काय बोललो, ते येथे लिहिण्याचे कारण नाही. ओस्पितालेरोला वाटले, मी त्याच्याशी बोलतो आहे. मराठीतल्या त्या बोलण्याला तो “सी, सी” म्हणत राहिला.

रविवारी, ३ जूनला, मी बसने निघालो. ओ सेब्रेइरोचा डोंगर काचेतून एका बाजूला दिसला आणि मागे पडला. सान्तियागोच्या चौकात लोक चालत येऊन एकमेकांच्या गळ्यात पडत होते, काही जमिनीवर उताणे पडून कॅथेड्रलकडे पाहत होते. मी चपलेत, काठी टेकत, कडेकडेने गेलो. चौकाच्या एका बाजूला राजा फर्डिनंड आणि राणी इसाबेला यांनी यात्रेकरूंसाठी बांधवलेले जुने हॉस्पिटल आहे. ते आता महागडे हॉटेल झाले आहे. मी प्रेषिताच्या कबरीपाशी गुडघे टेकू शकलो नाही. उभ्यानेच प्रार्थना केली आणि तिसऱ्या दिवशी विमानात बसलो.

जखम भरायला पाच आठवडे लागले. औषधपाण्याचा खर्च मी खिशातून केला. विमा कंपनीकडे मागणी केली नाही. करण्यासारखे तोंड नव्हते. पत्नीने महिनाभर रोज रात्री घमेल्यात कोमट पाणी घेऊन पाय धुतला. त्या काळात आम्ही बाबांविषयी पुष्कळ बोललो. त्या दोन वर्षांतल्या काही गोष्टी तिने मला तेव्हा प्रथमच सांगितल्या. त्यांतली एक ही की, मी शाळेत गेल्यावर ती बाबांचे अंग पुन्हा एकदा पुसत असे.

ओस्पितालेरोला नाताळात शुभेच्छापत्र पाठवले होते, धर्मशाळेच्या पत्त्यावर. ते पोहोचले की नाही, कोण जाणे. २०२१ च्या पवित्र वर्षात जगावर करोनाची छाया होती. म्हणून पोप फ्रान्सिस यांनी ते २०२२ अखेरपर्यंत वाढवले. पण त्या दोन्ही वर्षी आमचे निघणे झाले नाही. यापुढचे पवित्र वर्ष २०२७. तेव्हा मी सदुसष्ट वर्षांचा असेन. शिक्क्यांचे ते अर्धे कोरे पत्रक कपाटात आहे. पत्नी म्हणते, या खेपेस दोघे जाऊ, व्हियाफ्रांकापासून पुढे, जमेल तेवढे. मात्र विम्याचा अर्ज ती भरणार आहे.